‘मिटिगेशन्स ऑफ’ लिहिण्याआधी मशीनवर कोणकोण राहतं ते बघा

जुन्या लिनक्स सर्व्हरची ग्रबची (मशीन सुरू करणाऱ्या बूटलोडरची) फाइल उघडली की हमखास एक लांबलचक ओळ सापडते. नोपीटीआय, नोआयबीआरएस, नोआयबीपीबी, नोस्पेक्टर-व्हीटू, आणि शेवटी मिटिगेशन्स=ऑफ. प्रोसेसरमधल्या मेल्टडाउन-स्पेक्टरसारख्या दोषांतून डेटा गळू नये म्हणून कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टमचा गाभा, जे उपाय (मिटिगेशन) लावतो ते बंद करणारी. २०१८-१९ मध्ये कुणीतरी कुठूनतरी उचलून चिकटवलेली. पुढे मशीन बदललं, डिस्ट्रो बदलली, लावणारा नोकरी सोडून गेला, ओळ मात्र एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर जात राहिली. त्यातले नोआयबीआरएस आणि नोआयबीपीबी हे तर रेड हॅटच्या कर्नलमधले स्विच, मूळ लिनक्स त्यांना ओळखतही नाही. म्हणजे ओळीचा काही भाग नुसता शोभेचा, आणि उरलेला धोक्याचा.

‘मिटिगेशन ठेवू की काढू’ असं विचारलं की उत्तर चुकणारच. विचारायचं ते हे: प्रोसेसरच्या या कोअरवर कुणाचा कोड कुणाच्या मांडीला मांडी लावून चालतो? ते एकदा नक्की झालं की बाकी निर्णय सोपे होतात. (कमांड, पाथ आणि पॅरामीटर इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिलेत. टाइप करताना अर्थातच रोमनमध्ये.)

मुळात गळतं काय, ते थोडक्यात. ऐरोलीला माइंडस्पेसच्या गेटबाहेरची कुठलीही टपरी घ्या. नेहमीचं गिऱ्हाईक रस्ता ओलांडताना दिसलं की टपरीवाला विचारत बसत नाही, बिनसाखरेचं छोटं पातेलं गॅसवर चढवतो. गिऱ्हाईक आलंच नाही तर चहा ओतून देतो, वहीत काही लिहिलं जात नाही. पण पातेलं तापलेलं राहतं. बाजूला उभ्या माणसाने नुसतं बोट लावून पाहिलं तरी मगाशी कोण येणार होतं हे त्याला कळतं. प्रोसेसर हेच करतो. कोडमधली पुढची उडी कुठे जाईल याचा अंदाज बांधून काम सुरू करतो, अंदाज चुकला तर निकाल फेकून देतो, पण कॅशमध्ये (प्रोसेसरजवळच्या वेगवान मेमरीत) आलेली डेटाची ओळ तिथेच राहते. ती गरम की गार हे घड्याळ लावून मोजता येतं. आणि यातली खरी गोम अशी की टपरीवाल्याला शिकवताही येतं. तुम्ही मुद्दाम चार वेळा तेच मागितलं की पाचव्या वेळी तो दुसऱ्याच कुणासाठी तेच चढवतो. स्पेक्टरचा दुसरा प्रकार म्हणजे हे शिकवणं.

३ जानेवारी २०१८ ला मेल्टडाउन आणि स्पेक्टर जाहीर झाले. तेव्हापासून या कुटुंबात दरवर्षी भर पडते आहे. पण कर्नलच्या बाजूने पाहिलं तर उपाय तीन-चारच जातीचे आहेत. नकाशा लपवणं, अंदाज अडकवणं, बफर पुसणं, आणि शेजारी बदलणं.

मेल्टडाउनमुळे साध्या प्रोग्रामला कर्नलची मेमरी वाचता येते. त्यावरचा उपाय पहिल्या जातीचा, पेज टेबल आयसोलेशन. ग्राट्स विद्यापीठातल्या ‘कायझर’ या कामातून तो आला आणि लिनक्स ४.१५ मध्ये गेला. यूजर प्रोसेस चालू असेपर्यंत कर्नलचा जवळजवळ सगळा पत्त्यांचा नकाशा काढून ठेवायचा, फक्त आत शिरायचा उंबरठा तेवढा ठेवायचा. त्यासाठी प्रत्येक प्रोसेसला पेज टेबलच्या (म्हणजे या नकाशाच्या) सर्वांत वरच्या पातळीची दोन पानं शेजारीशेजारी दिली जातात, प्रत्येकी ४ केबीची. पहिलं कर्नलचं, दुसरं यूजरचं. शेजारीशेजारी असल्यामुळे चालू नकाशाचा पत्ता ठेवणाऱ्या सीआर-३ रजिस्टरमधला १२ क्रमांकाचा बिट उलटवला की एका नकाशातून दुसऱ्यात जाता येतं. सुबक युक्ती आहे. खर्च इतकाच की प्रत्येक सिस्टम कॉलला (प्रोग्रामने कर्नलकडे केलेल्या मागणीला) आणि यूजर कोड चालू असताना आलेल्या प्रत्येक इंटरप्टला सीआर-३ दोनदा लिहावं लागतं.

तो खर्च परवडेल की नाही हे पीसीआयडीवर ठरतं. ही प्रोसेसरमधली सोय आहे: टीएलबीतल्या (अलीकडे लागलेल्या पत्त्यांच्या छोट्या साठ्यातल्या) प्रत्येक नोंदीवर ती कोणत्या नकाशाची आहे याचा शिक्का मारायचा. शिक्का असेल तर नकाशा बदलताना टीएलबी रिकामी करावी लागत नाही. नसेल तर प्रत्येक सिस्टम कॉलला ती धुवून निघते. इंटेलच्या प्रोसेसरमध्ये ही सोय जुनीच आहे, पण व्हर्च्युअल मशीनमध्ये ती दिसेलच असं नाही. महापे-रबाळेच्या डेटा सेंटरमध्ये भाड्याच्या रॅकवर उभ्या असलेल्या कितीतरी केव्हीएम होस्टवर (व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या मूळ मशीनवर) गेस्टला, म्हणजे आतल्या व्हर्च्युअल मशीनला, अजून ‘केव्हीएम६४’सारखं जुनं जेनेरिक सीपीयू मॉडेल दिलेलं असतं. त्या मॉडेलमध्ये पीसीआयडी नाही. मग गेस्टमधला कर्नल प्रामाणिकपणे आयसोलेशन लावतो आणि डेटाबेस रडायला लागतो. सगळे मिटिगेशनला शिव्या घालतात, दोष मात्र सीपीयू मॉडेलचा. गेस्टमध्ये ‘/प्रॉक/सीपीयूइन्फो’च्या फ्लॅग्जच्या ओळीत पीसीआयडी आहे का, हे आधी बघा. नसेल तर होस्टवरच्या मॉडेलला तो फ्लॅग जोडा. मिटिगेशनला हात न लावता बराचसा वेग परत मिळतो. एएमडीच्या प्रोसेसरना मेल्टडाउन लागूच नाही, तिथे ही भानगडच येत नाही.

दुसरी जात, अंदाज अडकवणं. यातलं रेटपोलाइन जवळून बघण्यासारखं आहे. गूगलच्या पॉल टर्नर यांची ही कल्पना. कर्नलला फंक्शन पॉइंटरमधून उडी मारायचीय, पत्ता आरएएक्स रजिस्टरमध्ये आहे. सरळ उडी मारली तर प्रोसेसर ब्रँच टार्गेट बफरला (मागच्या उड्यांचे पत्ते लक्षात ठेवणाऱ्या साठ्याला) विचारणार, आणि तो बफर कुणीतरी बिघडवून ठेवलेला असू शकतो. म्हणून उडीच्या जागी एक कॉल टाकायचा. कॉलच्या लगेच पुढे पॉझ, एलफेन्स आणि परत पॉझवर आणणारी जंप, असा न संपणारा फेरा ठेवायचा. कॉल जिथे पोचतो तिथे दोनच गोष्टी करायच्या: स्टॅकच्या टोकावरच्या परतीच्या पत्त्यावर आरएएक्स लिहायचं, आणि रिटर्न म्हणायचं. रिटर्नचा अंदाज प्रोसेसर वेगळ्या बफरवरून बांधतो, रिटर्न स्टॅक बफरवरून. तिथे नोंद असते त्या फेऱ्याची. म्हणून अंदाजाने धावणारा प्रोसेसर फेऱ्यात गरगरत राहतो, आणि खरा रिटर्न स्टॅकवरून पत्ता वाचून योग्य जागी पोचतो. हल्लेखोराने कितीही शिकवलं तरी अंदाज जाणार त्या फेऱ्यातच.

जुलै २०२२ मध्ये झुरिकच्या ईटीएचच्या संशोधकांनी रेटब्लीड जाहीर केलं आणि या युक्तीची एक बाजू उघडी पडली. इंटेलच्या स्कायलेक पिढीत रिटर्न स्टॅक बफर १६ नोंदींचा आहे. कॉलची साखळी त्याहून खोल गेली आणि मग एकामागून एक रिटर्न यायला लागले की बफर रिकामा होतो, आणि स्कायलेक गुपचूप परत त्याच ब्रँच टार्गेट बफरला विचारायला जातो. एएमडीच्या झेन १ आणि २ वर तर बफर रिकामा व्हायचीही गरज नव्हती. त्यामुळे झेनवर रिटर्नसाठीच वेगळा ‘अनट्रेन’ केलेला तुकडा आला, आणि स्कायलेकवर कर्नलमध्ये शिरताना दरवेळी आयबीआरएसचं (उड्यांच्या अंदाजावर बंधन घालणारं) रजिस्टर लिहिणं आलं. हे रजिस्टर लिहिणं महाग. म्हणून लिनक्स ६.२ मध्ये कॉलची खोली मोजत राहून बफर वेळेवर भरायचा तिसरा मार्ग आला, रेटब्लीड=स्टफ. तुमच्याकडे अजून स्कायलेक पिढीचे झिऑन (इंटेलचे सर्व्हर प्रोसेसर) असतील आणि कर्नल नवा असेल, तर मिटिगेशन काढायच्या आधी हा मार्ग मोजून बघा. सिस्टम कॉलचा मारा असलेल्या कामात आयबीआरएसपेक्षा तो हलका पडावा म्हणूनच बनवलाय. अट एकच, कर्नल त्या पर्यायासकट बांधलेला हवा.

कॅस्केड लेकपासून पुढच्या इंटेलमध्ये आयबीआरएसची सुधारित आवृत्ती आहे, एकदा लावली की दरवेळी लिहावी लागत नाही. झेन ४ मध्ये तेच काम ऑटो-आयबीआरएस करतं. तरी २०२२ मध्ये ब्रँचच्या (मागच्या उड्यांच्या) इतिहासावरून होणारा हल्ला दाखवला गेला आणि २०२४ मध्ये तो पुन्हा नव्या रूपात आला. त्यावर कर्नलमध्ये शिरताना इतिहास पुसणं किंवा नव्या प्रोसेसरवर एका बिटाने तो अडवणं हे उपाय आहेत. सोबत एक साधी गोष्ट करून टाका. सामान्य यूजरला ईबीपीएफ प्रोग्राम (कर्नलच्या आत चालणारे छोटे प्रोग्राम) लोड करायची परवानगी बंद आहे का ते बघा. ‘कर्नल.अनप्रिव्हिलेज्ड-बीपीएफ-डिसेबल्ड’ची किंमत १ किंवा २ हवी. या कुटुंबातल्या बऱ्याच हल्ल्यांना कर्नलच्या आत आपल्या सोयीचा कोड रचून घ्यायचा असतो, आणि ईबीपीएफ ते दार उघडून देतं. सर्व्हरवर सामान्य यूजरला त्याची गरज क्वचितच असते.

स्पेक्टरचा पहिला प्रकार स्विचने बंद होत नाही, कोडमध्ये जागोजागी दुरुस्त करावा लागतो. स्वतःचा ड्रायव्हर लिहिणाऱ्यांनी हे मनावर घ्यावं. आयओसीटीएलमधून (ड्रायव्हरला आदेश देणाऱ्या सिस्टम कॉलमधून) आलेला इंडेक्स आधी ‘साइजपेक्षा लहान आहे ना’ असा तपासला आणि मग ॲरेला लावला, की वाटतं झालं. पण प्रोसेसर तपासणीचा निकाल यायच्या आत ॲरे वाचून मोकळा होतो. म्हणून तपासणीनंतर इंडेक्स ‘ॲरे-इंडेक्स-नोस्पेक’मधून काढायचा. हा मॅक्रो उडी न वापरता, तुलना आणि वजाबाकीच्या दोन इन्स्ट्रक्शनमध्ये एक मास्क बनवतो: इंडेक्स हद्दीत असेल तर सगळे १, नसेल तर सगळे ०. अंदाजाने धावतानाही हद्दीबाहेरचा इंडेक्स ० होतो. चुका दोन ठिकाणी होतात. मॅक्रो बोलावतात पण त्याने परत दिलेली किंमत न वापरता जुनाच इंडेक्स पुढे ढकलतात. किंवा तपासणी एकदा करून नंतर तोच इंडेक्स यूजरच्या मेमरीतून पुन्हा वाचतात, मग मास्कही गेला आणि तपासणीही गेली. स्मॅच हे कोड तपासणारं साधन अशा जागांची यादी काढून देतं. यादीत कचरा बराच असतो, पण यूजरकडून आलेल्या इंडेक्सपासून सुरुवात केली तर एका दुपारचं काम आहे. खर्च दोन-तीन इन्स्ट्रक्शनचा, त्यावर वाद घालत बसायला नको.

बाहेरून आणलेली मॉड्यूल्स हा आणखी एक दुखरा भाग. डिस्कचं आरएआयडी कार्ड, कॅप्चर कार्ड, विक्रेत्याचा ड्रायव्हर. कर्नल रेटपोलाइनने बांधलेला आणि मॉड्यूल नाही, असं झालं की त्या मॉड्यूलमधली प्रत्येक पॉइंटरवरची उडी उघडी राहते. ‘मॉडइन्फो’च्या उत्तरात ‘रेटपोलाइन: वाय’ दिसायला हवं. नसेल तर कर्नलच्याच कंपायलरने मॉड्यूल पुन्हा बांधा, आणि विक्रेता फक्त बांधलेली फाइल देत असेल तर त्याच्याकडे नवी मागा.

तिसरी जात, बफर पुसणं. मे २०१९ मध्ये एमडीएस आलं: प्रोसेसरच्या आतल्या छोट्या छोट्या बफरमध्ये मगाशी गेलेला डेटा पडून असतो, आणि चुकणारा लोड तो उचलतो. उपाय मजेशीर. व्हीईआरडब्ल्यू नावाचा जुना, कुणी न वापरणारा इन्स्ट्रक्शन होता. सेगमेंटवर लिहिता येतं का एवढंच सांगणारा. इंटेलने मायक्रोकोडमधून (प्रोसेसरच्या आतल्या, बदलता येणाऱ्या सूचनांमधून) त्याला नवं काम दिलं, जाताजाता बफर पुसण्याचं. कर्नल यूजरकडे परतताना तो चालवतो. पुढे टीएए, एमएमआयओ स्टेल डेटा, आरएफडीएस या तशाच सगळ्या दोषांना हाच इन्स्ट्रक्शन कामी आला, आणि २०२५ मध्ये एएमडीच्या टीएसएलाही तोच.

याचे दोन परिणाम. पहिला: एमडीएस=ऑफ एवढंच लिहून वेग वाढत नाही. मशीनला टीएए किंवा एमएमआयओचा दोष असेल तर त्यांच्यासाठी बफर पुसणं चालूच राहतं. दुसरा, जास्त महत्त्वाचा: मायक्रोकोड जुना असेल तर व्हीईआरडब्ल्यू अजूनही फक्त सेगमेंटच तपासतो. कर्नल तो चालवतो, पण पुसलं काहीच जात नाही.

म्हणून ‘/सिस/डिव्हायसेस/सिस्टम/सीपीयू/व्हल्नरेबिलिटीज’ या फोल्डरमधल्या फाइली नुसत्या बघू नका, वाचा. ग्रेप लावून, मधे रिकामा डॉट देऊन सगळ्या एकदम छापता येतात. ‘नॉट अफेक्टेड’ म्हणजे प्रोसेसरला तो दोष नाही. ‘मिटिगेशन:’ने सुरू होणारी ओळ म्हणजे उपाय लागलाय. ‘व्हल्नरेबल: क्लिअर सीपीयू बफर्स अटेम्प्टेड, नो मायक्रोकोड’ म्हणजे वर सांगितलेली अवस्था. झाडू फिरतोय, पण केरसुणीला काड्याच नाहीत. आणि ‘मिटिगेशन: क्लिअर सीपीयू बफर्स, एसएमटी व्हल्नरेबल’ म्हणजे एसएमटीमुळे (इंटेलच्या भाषेत हायपरथ्रेडिंग) एकाच कोअरवर चालणाऱ्या जुळ्या थ्रेडकडून धोका शिल्लक आहे.

मायक्रोकोडचं गणित वेगळं समजून घ्यायला हवं. उबुंटू-डेबियनवर इंटेल-मायक्रोकोड किंवा एएमडी६४-मायक्रोकोड हे पॅकेज, रेड हॅटच्या घराण्यात इंटेलसाठी मायक्रोकोड-सीटीएल. पॅकेज बसलं की मायक्रोकोडची फाइल इनिटरामएफएसच्या (बूटच्या सुरुवातीला लागणाऱ्या छोट्या फाइलसिस्टमच्या) अगदी पुढे, कॉम्प्रेस न करता जोडली जाते, कारण कर्नलला ती स्वतःचा डिकम्प्रेसर जागा व्हायच्या आधी वाचायची असते. रीबूटच्या आधी आणि नंतर ‘/प्रॉक/सीपीयूइन्फो’मधली मायक्रोकोडची ओळ टिपून ठेवा. आकडा बदलला नाही तर तीन कारणं शोधा: इनिटरामएफएस नव्याने बांधला गेला नाही, बायोसमध्ये आधीच तेवढा किंवा त्याहून नवा मायक्रोकोड आहे, किंवा कुणीतरी कमांडलाइनमध्ये लोडरच बंद करून ठेवलाय. चालू मशीनवर मायक्रोकोड बदलून चालत नाही. कर्नल बूट होतानाच प्रोसेसरची क्षमता बघून उपाय निवडतो आणि स्वतःच्या कोडमध्ये त्याप्रमाणे ठिगळं लावतो. मागाहून आलेली क्षमता त्याला दिसत नाही.

आणि मायक्रोकोड एकदम सगळीकडे टाकू नका. जानेवारी २०१८ मध्ये इंटेलचा पहिला मायक्रोकोड हॅसवेल आणि ब्रॉडवेलवर मशीन आपोआप रीबूट करायला लागला, आणि २२ जानेवारीला खुद्द इंटेलनेच तो वापरणं थांबवा म्हणून सांगितलं. आधी एक मशीन, दोन-तीन दिवस लोडखाली, मग बाकीची.

ऑगस्ट २०२३ च्या डाउनफॉल या दोषाचा उपाय तर सगळा मायक्रोकोडमध्येच आहे. स्कायलेकपासून आइस लेक-टायगर लेकपर्यंतच्या इंटेलवर एव्हीएक्समधला (एकदम अनेक आकडे हाताळणाऱ्या इन्स्ट्रक्शनच्या संचातला) गॅदर इन्स्ट्रक्शन मंदावतो. वेब सर्व्हरला त्याचा पत्ताही लागत नाही, पण आकडेमोडीच्या कामात ते चांगलंच जाणवतं. मायक्रोकोड नसताना गॅदर-डेटा-सॅम्पलिंग=फोर्स लावलं तर कर्नल एव्हीएक्सच बंद करतो. मग एव्हीएक्स आहे का हे नीट न तपासता धावणारे प्रोग्राम ‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’ म्हणून आडवे पडतात. तेव्हा फोर्स नको, मायक्रोकोड घ्या.

व्हर्च्युअल मशीनची साखळी लांब, म्हणून ती तुटतेही जास्त. गेस्ट मायक्रोकोड लोड करू शकत नाही. होस्टचा मायक्रोकोड नवा, होस्टचा कर्नल नवा, क्यूईएमयूच्या (गेस्ट उभा करणाऱ्या प्रोग्रामच्या) सीपीयू मॉडेलमध्ये एमडी-क्लिअर, स्पेक-कंट्रोल, एसएसबीडी हे फ्लॅग, आणि मग गेस्टचा कर्नल. यातल्या पहिल्या तिघांतलं एक राहिलं की गेस्टमध्ये ‘नो मायक्रोकोड’ आणि ‘एसएमटी होस्ट स्टेट अननोन’ अशी जोडी दिसते. दुसरं वाक्य नेहमीचंच, गेस्टला होस्टचं हायपरथ्रेडिंग दिसत नाही. पहिलं मात्र दुरुस्तीचं. इथे सगळ्यात जास्त वेळ वाया जातो तो असा: होस्टवर फ्लॅग जोडतात, मग गेस्टमध्ये शिरून रीबूट म्हणतात, आणि काहीच बदलत नाही. गेस्टच्या आतल्या रीबूटने क्यूईएमयूची प्रोसेस तीच राहते, आणि सीपीयूचे फ्लॅग ती सुरू होतानाच ठरलेले असतात. गेस्ट पूर्ण बंद करून होस्टवरून पुन्हा चालू करावा लागतो. लाइव्ह मायग्रेशनने गेस्ट कमी क्षमतेच्या होस्टवर गेला तरी त्याला वाटतं पूर्वीसारखंच सगळं आहे. पूलमधल्या सगळ्या होस्टचा मायक्रोकोड एका पातळीवर आणल्याशिवाय मायग्रेशन चालू करू नये.

कंटेनरवाल्यांसाठी एक खास गोष्ट. कंटेनरला वेगळे मिटिगेशन नसतात, कर्नल एकच. पण ५.१६ च्या आधीच्या मूळ कर्नलमध्ये सेकॉम्प (सिस्टम कॉलवर बंधन घालणारी सोय) लावलेल्या प्रत्येक प्रोसेसवर स्टोअर बायपास या दोषाचा आणि जुळ्या थ्रेडच्या ब्रँचचा उपाय सक्तीने लागायचा. डॉकर सगळ्यांना सेकॉम्प लावतो. त्यामुळे तोच जावा सर्व्हर थेट चालवला तर पळतो आणि कंटेनरमध्ये रेंगाळतो, असं कोडं पडायचं. ‘/प्रॉक’मध्ये त्या प्रोसेसच्या ‘स्टेटस’ फाइलमध्ये ‘स्पेक्युलेशन-स्टोअर-बायपास’ची ओळ बघा. ‘थ्रेड फोर्स मिटिगेटेड’ दिसलं तर हेच कारण. नव्या कर्नलमध्ये सेकॉम्पची सक्ती काढून, प्रोसेसने स्वतः मागितलं तरच द्यायचं असं झालं. जुन्या कर्नलवर स्पेक-स्टोअर-बायपास-डिसेबल आणि स्पेक्टर-व्हीटू-यूजर या दोघांना पीआरसीटीएल ही किंमत दिली की तेच मिळतं. आमच्या मते मिटिगेशन्स=ऑफ लावलेल्या कंटेनर होस्टपैकी बऱ्याच जणांना हव्या असलेल्या वेगाचं उत्तर या दोन शब्दांत होतं.

आता चौथी जात, शेजारी. एल१टीएफ (एल१ कॅशमधून डेटा गळण्याचा दोष) आणि एमडीएसच्या बाबतीत हायपरथ्रेडिंगचे जुळे थ्रेड एकमेकांचे बफर आणि एल१ कॅश वाटून घेतात, म्हणून नुसतं पुसून भागत नाही. एकतर नोएसएमटी, म्हणजे ३२ लॉजिकल सीपीयूचे १६. ‘/सिस/डिव्हायसेस/सिस्टम/सीपीयू/एसएमटी/कंट्रोल’मध्ये ऑफ लिहून हे चालू मशीनवर करून बघता येतं, रीबूट लागत नाही. किंवा लिनक्स ५.१४ पासून आलेलं कोअर शेड्यूलिंग: ज्यांच्यात विश्वास आहे अशांनाच एका कोअरवर एकत्र बसवायचं, नाहीतर जुळा थ्रेड रिकामा ठेवायचा. ठाणे लोकलच्या तीन जणांच्या बाकड्यावर चौथ्याला जागा देताना माणूस तोंड बघतो, तसंच.

मग मशीनगणिक निर्णय. वागळे इस्टेटमधल्या एखाद्या गाळ्यात एकच पोस्टग्रेसचा सर्व्हर आहे, लॉगिन दोघांना, बाहेरचा कोड शून्य. तिथे मिटिगेशन्स=ऑफचं समर्थन करता येतं. पण आधी त्यावर पीएल-पायथनसारखी डेटाबेसच्या आत कोड चालवणारी भाषा चालू नाही ना, कुणी ‘तात्पुरतं’ म्हणून एखादा वेब ॲप टाकलेला नाही ना, हे बघावं. महापेच्या रॅकवर ग्राहकांचे गेस्ट चालवणाऱ्या होस्टवर ऑफ हा पर्यायच नाही. तिथे मिटिगेशन्स=ऑटो, म्हणजे लागू ते उपाय कर्नलनेच निवडायचे, आणि एल१टीएफचा दोष असलेल्या जुन्या झिऑनवर नोएसएमटी. सप्टेंबर २०२५ च्या व्हीएमस्केप या दोषानंतर तर गेस्टकडून खुद्द क्यूईएमयूच्या प्रोसेसवर हल्ला होऊ शकतो हेही उघड झालं. गेस्टमधून बाहेर पडून यूजरकडे परतण्याआधी ब्रँच प्रेडिक्टर पुसणं हा त्यावरचा उपाय, म्हणजे होस्टचा कर्नल ताजा हवाच.

सगळ्यात फसवं मशीन तिसरं, बिल्ड सर्व्हर, म्हणजे कोडपासून प्रोग्राम बांधणारं. ‘आपलाच कोड आहे’ म्हणून इथे सर्रास ऑफ लावतात. प्रत्यक्षात प्रत्येक बिल्ड बाहेरून शेकडो पॅकेजं ओढून त्यांच्या इन्स्टॉल स्क्रिप्ट चालवतो, आणि त्याच मशीनच्या मेमरीत सही करायच्या किल्ल्या असतात. अनोळखी कोड आणि गुपितं एकाच छताखाली. इथे ऑटो ठेवा. घरच्या लॅपटॉपवरही तेच. ब्राउझर म्हणजे दिवसभर अनोळखी माणसांचा जावास्क्रिप्ट चालवणारं यंत्र.

लिनक्स ६.१७ पासून हे विचारायची नीट सोय झाली आहे. दोषांची नावं पाठ न करता दिशा सांगता येते: यूजरकडून कर्नलकडे, यूजरकडून यूजरकडे, गेस्टकडून होस्टकडे, गेस्टकडून गेस्टकडे, आणि जुळ्या थ्रेडचं वेगळं. गेस्ट चालवतच नसाल तर गेस्टच्या दोन दिशा बंद करा, बाकी राहू द्या. उद्या नवा दोष निघाला तरी तुमचा निर्णय त्यालाही लागू होतो.

मोजायचं कसं. ‘पर्फ बेंच सिस्कॉल बेसिक’ हे १ कोटी छोटे सिस्टम कॉल करून वेळ सांगतं. उंबरठ्याचा भाव कळायला उत्तम, पण त्यावरून निर्णय घेऊ नका. तिथे दुप्पट दिसणारा फरक खऱ्या कामात दोन-चार टक्क्यांवर येऊ शकतो, कारण खरं काम बहुतेक वेळ यूजर कोडमध्ये असतं. पीजीबेंच (पोस्टग्रेसचा वेग मोजणारं साधन) किंवा तुमच्या खऱ्या लॉगवरून बनवलेला लोड चालवा. प्रोसेसरचा वेग ठरवणारा गव्हर्नर परफॉर्मन्सवर, टर्बो बंद, मायक्रोकोड दोन्ही वेळा तोच, प्रत्येकी निदान पाच फेऱ्या आणि मधली किंमत. गाळ्यात सर्व्हरला एक स्प्लिट एसी असेल तर दुपारी मोजू नका. ऑक्टोबर हीटमध्ये प्रोसेसर तापून स्वतःच मंदावतो आणि पाच टक्के इकडेतिकडे सहज होतात, ते मिटिगेशनच्या नावावर जमा होतात. कॅस्केड लेकनंतरच्या किंवा झेन ४ च्या मशीनवर अनेकदा फरक या गोंगाटातच हरवतो.

फरक खरा निघाला तर आधी उंबरठा ओलांडणं कमी करता येतं का बघा. डेटाबेससमोर कनेक्शन पूल, छोट्या छोट्या राइटऐवजी एकगठ्ठा, नेटवर्कला सेंडएमएमएसजी, डिस्कला आयओ-युरिंग. प्रत्येक टाळलेला सिस्टम कॉल म्हणजे सीआर-३ चे दोन फेरे आणि एक व्हीईआरडब्ल्यू वाचला.

शेवटी ग्रब. ‘/ईटीसी/डीफॉल्ट/ग्रब’ बदलून अपडेट-ग्रब हे उबुंटूचं. रेड हॅटच्या नव्या आवृत्त्यांत प्रत्येक कर्नलची नोंद वेगळ्या फाइलमध्ये असते, म्हणून तिथे ग्रबी वापरा, नाहीतर ओळ बदलूनही बूट जुन्याच ओळीने होतो. स्पेलिंगवर लक्ष ठेवा: शेवटचा एस गाळून ‘मिटिगेशन=ऑटो,नोएसएमटी’ लिहिलं तर कर्नल अडत नाही, ओरडत नाही, मुकाट पुढे जातो. नव्या कर्नलच्या डीमेसेजमध्ये (कर्नलच्या संदेशांच्या यादीत) ‘अननोन कर्नल कमांडलाइन पॅरामीटर्स’ अशी एक ओळ असते, ती शोधायची सवय लावा. जुनी नोपीटीआय किंवा स्पेक्टर-व्हीटू=ऑफ ओळीत राहिली असेल तर मिटिगेशन्स=ऑटोने ती झाकली जात नाही, तेवढा उपाय बंदच राहतो. रीबूटआधी जुना कर्नल मेन्यूत ठेवलाय ना आणि रिमोट कन्सोल उघडतो ना हे पाहून घ्या, नाहीतर रात्री शेवटची ठाणे-वाशी गाडी निघून गेल्यावर रबाळेला पोचायचं कसं याचा विचार करावा लागतो.

रीबूट झाल्यावर तीन गोष्टी एका फाइलमध्ये उतरवून गिटमध्ये ठेवा: ‘/प्रॉक/सीएमडीलाइन’, मायक्रोकोडचा आकडा, आणि व्हल्नरेबिलिटीज फोल्डरचा पूर्ण मजकूर. मॉनिटरिंगमध्ये रोज हाच मजकूर ताडून बघणारी एक तपासणी टाका. तिच्यात नुसतं ‘व्हल्नरेबल’ शोधू नका, कारण ‘एसएमटी व्हल्नरेबल’ हे ‘मिटिगेशन:’ने सुरू होणाऱ्या ओळीच्या पोटातही असतं आणि मग पहाटे तीनला उगाच फोन वाजतो. फाइलची पहिली अक्षरं तपासा, आणि एसएमटीची ओळ वेगळ्या, कमी तातडीच्या अलर्टमध्ये घाला.